दाब नाही, ताप आहे

फोडणीचं तेल कडकडीत तापलेलं असतं आणि घाईत ओली मिरची त्यात पडते. तडतड होते, हातावर थेंब उडतो. कारखान्यातल्या थर्मिक ऑइलची निम्मी गोष्ट त्या थेंबात आहे.

मी कविता लिहितो. पण पोट भरलं ते इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाऊसमधल्या कारकुनीवर. माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे थर्मिक ऑइलचा हीटर होता. पॉलिएस्टर कापड पुढे आटू नये, मापात राहावं म्हणून ते स्टेंटर मशीनमधून 180 ते 210 अंश सेल्सिअसच्या हवेतून काढतात. एवढी उष्णता वाफेनं द्यायची तर पंचाईत. 250 अंशांच्या वाफेचा दाब वातावरणाच्या जवळजवळ चाळीसपट असतो. त्यासाठीचं खनिज तेल मात्र त्या तापमानालाही उकळत नाही. भट्टीच्या कॉइलमध्ये तापतं, पंपाच्या जोरावर मशीनपर्यंत जातं, उष्णता देऊन परत येतं. प्लायवूडचे प्रेस, डांबराच्या टाक्या, रसायनांचे रिॲक्टर असेच तापवतात.

‘यात प्रेशर नाही, हे फुटत नाही,’ असं नव्या पोरांना सांगितलं जाई. वाफ होत नाही म्हणून हा हीटर बॉयलरच्या कायद्यातही बसत नाही. पण हे तेल बहुतेक वेळा आपल्या फ्लॅश पॉइंटच्या वर तापलेलं असतं. म्हणजे बाहेर आलं आणि ठिणगी भेटली की पेटलंच. शिवाय त्यात पाणी राहिलं तर? एक लिटर पाण्याची सोळाशेहून अधिक लिटर वाफ होते. म्हणून नवं तेल भरल्यावर ते शंभर अंशांच्या आसपास तासन् तास रेंगाळत ठेवतात, ओल निघून जाईपर्यंत. तापल्यावर तेल पाचव्या हिश्श्याएवढं फुगतंही. त्यासाठी वर एक्स्पान्शन टाकी असते.

आमचे मिस्त्री, सगळे त्यांना चाचा म्हणत, रोज सकाळी पाइपांच्या सांध्यांशी नाक नेत फिरायचे. गॅस्केटमधून झिरपलेलं तेल पाइपावरच्या ग्लासवूलमध्ये मुरतं, आतल्या आत हवेशी झुंजत तापत जातं आणि ठिणगीशिवाय पेटू शकतं. काळा, ओला डाग दिसला की चाचा तेवढी ग्लासवूल कापून फेकत. वरून नवा पत्रा ठोकणाऱ्याला शिव्या देत, त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत.

2005 च्या उन्हाळ्यात लोडशेडिंग जोरात होतं. एका रात्री लाइट गेली आणि जनरेटर सुरूच होईना. पंप थांबला. तेल किंवा गॅसवरचा बर्नर वीज गेली की विझतो. आमची भट्टी कोळशाची. विस्तव कुणाचं ऐकतो? कॉइलमधलं थांबलेलं तेल जास्त तापलं की फुटतं, नळीच्या आत कोळशासारखा थर धरतं, त्यातून हलके, लवकर पेटणारे अंश सुटतात. नळी जळून छेद पडला तर तेल थेट आगीत. चाचा आणि फायरमननी लांब खोऱ्यानं धगधगता कोळसा बाहेर ओढला. चाचांच्या भुवया जळाल्या, उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत गेली.

जनरेटरची बॅटरी उतरली होती. नवीन बॅटरीची मागणी तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून होती. ‘बेटा, बॅटरीचं काय झालं?’ असं चाचांनी एकदा विचारलंही होतं. मी म्हटलं होतं, पुढच्या महिन्यात बघू.