आजची भाकर

(दुष्काळ-निवारण निधीच्या सभेंत झालेलें भाषण)



प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस जी प्रार्थना शिकविली तींत अन्नाविषयींचें मागणें एकच आहे, आणि तें फार लहान आहे. वर्षाची बेगमी त्यांत मागितलेली नाहीं. एका दिवसाची भाकर मागितली आहे. शिवाय ती एकट्यासाठीं नव्हे, सर्वांसाठीं मागितली आहे. या मागण्यावर आमच्या देवळांतून पुष्कळ उपदेश होतात. परंतु त्यांत 'आज' या शब्दाचा जितका विचार होतो तितका 'आम्हांस' या शब्दाचा होत नाहीं. त्याकडे लक्ष जावयास दुष्काळ यावा लागतो.

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांस पाऊस हुलकावणी देतो हें आपणांस नवें नाहीं. महाबळेश्वरीं पावसाची झड लागलेली असते, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माणदेशचा धनगर मेंढरें घेऊन परमुलखाची वाट धरतो. 2016 च्या एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी गेलें; पहिल्या खेपेस सुमारें पांच लक्ष लिटर. तें योग्यच झालें. परंतु ज्या जिल्ह्यांतून तें गेलें, त्याच जिल्ह्यांतील जत तालुक्याच्या गांवांनीं कितीएक उन्हाळे टँकरची वाट पाहण्यांत काढले आहेत.

अशा मुलखांत 'देव देईल' असें म्हणणें सोपें नाहीं. पोट भरलेल्या माणसानें तें उपाशी माणसास म्हणूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. देवावर भरवसा टाकणें ही ज्याची त्यानें करावयाची गोष्ट आहे. ती दुसऱ्यास सांगून आपली कोठी झांकतां येत नाहीं.

साताऱ्यांत असा भरवसा टाकून पाहिलेला एक पुरुष होऊन गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं 1917 सालीं अमेरिकन मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला, ठरलेल्या पगाराचा आधार सोडला, आणि संन्यस्त वृत्तीनें राहून 'देवाचा दरबार' मांडला. 9 मे 1919 रोजीं ते वारले, म्हणजे हा क्रम दोन वर्षेंहि चालला नाहीं. टिळकांची थोरवी पुष्कळांनीं गाइली आहे. मला येथें त्यांच्या कुटुंबाचें नांव घ्यावयाचें आहे. लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' ज्यांनीं वाचलीं त्यांस ठाऊक आहे कीं, टिळकांच्या हातीं पैसा ठरत नसे, आणि चूल पेटविण्याची विवंचना बाईंच्या वांट्यास येई. एकाच्या विश्वासाचा भार असा दुसऱ्याच्या चुलीवर पडतो. मला यांत टिळकांचा उपमर्द करावयाचा नाहीं. देवानें धाडलेली भाकरहि कोणाच्या तरी हातानें थापली जाते, एवढेंच सांगावयाचें आहे.

सांगलीच्या व्यापाऱ्यांस पेव म्हणजे काय हें सांगणें नको. हरिपुरच्या भुईंत हळद वर्षानुवर्षें किडीवांचून राहिली, आणि तिच्या जोरावर पेठ वाढली. 2005 च्या महापुराचें पाणी त्या पेवांत शिरलें आणि पुष्कळ पेवें निकामी झालीं. सांठा करणें हें पाप आहे असें मी म्हणत नाहीं. योसेफानें मिसर देशांत सात वर्षें धान्य सांठविलें, आणि पवित्र शास्त्र त्याला दूरदर्शी म्हणूनच दाखवितें; कारण भुकेच्या दिवसांत त्यानें कोठारें उघडलीं. मात्र त्यानें तें धान्य विकलें, व अखेर लोकांचीं जनावरें आणि जमिनी फारो राजाच्या झाल्या, हा भाग वाचतांना मला नेहमीं टोंचतो. सावकारी करणाऱ्यानें तेवढा दाखला उचलूं नये.

जमीनदारांस दुसरा दाखला आहे, आणि तासगांवकडील बागाईतदारांस तो विशेष जवळचा वाटेल, कारण तो द्राक्षमळ्याचा आहे. धनी पहांटे चव्हाट्यावर जाऊन मजूर लावतो; पुढें दिवसांतून चार वेळां पुन्हां जातो. दिवस मावळावयास घटकाभर उरली असतां उभे असलेल्यांस तो विचारतो कीं, रिकामे कां? ते म्हणतात, कोणी कामावर लावलें नाहीं. त्यांसहि तो पुऱ्या दिवसाची मजुरी देतो. सकाळच्या मजुरांनीं कुरकूर केली, व हिशेबानें पाहतां ती खोटी नव्हती. पण काम घटकांनीं मोजतां येतें. ज्याच्या घरीं लेंकरें वाट पाहत आहेत त्याची भूक तशी मोजतां येत नाहीं. तासगांव तालुक्यांतील विसापूरचे वि. स. पागे यांनीं 1965 सालीं आपल्या भागांत मागेल त्यास काम देण्याचा प्रयोग सुरू केला. 1972 च्या दुष्काळांत तीच कल्पना सबंध महाराष्ट्राच्या उपयोगीं पडली, आणि 1977 सालीं तिचा कायदा झाला. पागे ख्रिस्ती नव्हते. तरीपण चव्हाट्यावर उभ्या असलेल्या माणसाचें उत्तर त्यांनीं आमच्यापैकीं पुष्कळांपेक्षां नीट ऐकलें, असें म्हणणें भाग आहे.

आणखी एक गोष्ट. भाकरीच्या आमिषानें माणसें बाटविलीं, हा आरोप 1876-78 व 1899-1900 च्या दुष्काळांपासून आम्हां ख्रिस्ती लोकांवर होत आला आहे. म्हणून उघड सांगतों कीं, या निधीच्या धान्यास कसलीच अट नाहीं. घेणाऱ्याची जात, देव, मत कोणी विचारणार नाहीं. किती माणसें जेवणार एवढेंच विचारलें जाईल.

आतां मागणें. एकरकमी देणगी कोणी दिली तर ती आनंदानें घेऊं. परंतु आम्हांस अधिक गरज आहे ती नित्याच्या शब्दाची. प्रत्येक दुकानानें एका कुटुंबाची ज्वारी पेरणी होईपर्यंत आपल्याकडे घ्यावी. मग आम्हांसहि उद्यांची चिंता आज करावी लागणार नाहीं. जमीनदारांनीं यंदा गहाणखतें लिहून घेऊं नयेत, व कडबा असेल तो द्यावा. चिटणीस वही घेऊन दाराशीं बसले आहेत. ज्वारीस आठ दिवस लागले तरी चालतील, कडबा मात्र उद्यांच निघाला पाहिजे. वैरण संपली कीं माणूस प्रथम बैल बाजारास नेतो, आणि बैल गेला म्हणजे पाऊस पडूनहि त्याचें रान पडीक राहतें.