आकडा आणि नजर



कापसाच्या व्यापारात हयात घालविलेला जाणता माणूस रुईची चिमूट बोटांत धरून ओढतो आणि धाग्याची लांबी सांगतो. आज तेच काम यंत्र करते. यंत्र खरे की बोटे खरी, हा वाद पुसदकरांना नवा नाही. आज मी तोच वाद कबड्डीच्या मैदानावर नेणार आहे. तेथे मात्र पारख व्हायची असते ती माणसाच्या पोराची.

अमरावतीला १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा आपला खेळ जगाला दाखविला. त्या काळी गडी पारखण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे वस्तादाची नजर. पायांची ठेवण, दमसास आणि डोळ्यांतली धिटाई पाहून वस्ताद निकाल देत असे. पुढे २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. खेळाडूंवर बोली लागू लागली आणि प्रत्येक चढाई, प्रत्येक पकड कागदावर उतरू लागली. प्रदीप नरवालने २०१७ च्या हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळविले, हे आज शाळकरी पोरही सांगेल.

या आकड्यांना नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉलचे उदाहरण देतो. तेथे १९७९ पासून लांबून बसलेल्या नेमाला तीन गुण मिळतात, जवळच्याला दोन. लांबचा नेम म्हणजे जुगार, असे अनेक जुन्या जाणत्यांचे मत होते. पण हिशेब करून पाहा. शंभरांपैकी ३५ लांबचे नेम बसले तर गुण होतात १०५. मधल्या अंतरावरचे ४५ बसले तरी ९०च. हे साधे शाळेतले गणित, पण नजरेला ते कितीतरी वर्षे दिसले नाही. चुकलेला नेम मनाला टोचतो, आणि टोचलेलेच आपल्या लक्षात राहते.

मग वस्तादाला घरी बसवावे काय? थांबा. त्याच अमेरिकेत ह्यूस्टनच्या संघात शेन बॅटिए नावाचा खेळाडू होता. गुणफलकावर त्याच्या नावापुढे फारसे काही दिसत नसे. परंतु तो मैदानात असताना आपले गुण किती होतात आणि समोरच्यांचे किती, असा निराळा हिशेब मांडला, तेव्हा त्याचे मोल कळले. म्हणजे आकडा खोटा नव्हता. मोजायचे ते राहून गेले होते. आणि काय मोजायचे हे खेळ जाणणाऱ्यालाच सुचते.

कबड्डीत हेच आहे. कोपरारक्षक घोटा धरतो, गुण त्याच्या नावावर पडतो. पण साखळीतला जो जोडीदार वाट अडवून उभा राहिला, त्याचे नाव वहीत येत नाही. चढाई ३० सेकंदांची. आघाडी हातात असताना ती सारी खर्चून जो गडी सुखरूप परततो, त्याच्यापुढे शून्य लिहिले जाते. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरियाणाला हरवून अजिंक्यपद मिळविले, ते २८-२५ असे. तीन गुणांच्या अंतरात अशा शून्याची किंमत काय असते, हे खेळलेल्या माणसालाच विचारा.

पण नजरेचाही एक दोष सांगितला पाहिजे. मी विद्यार्थी असताना एका निवडचाचणीत खेड्यातून आलेला एक मुलगा वगळला गेला. आम्ही कारण विचारले. उत्तर मिळाले, “नजरेत भरला नाही.” संपले! नजरेवर अपील चालत नाही. त्या दिवशी कोणी चढाया मोजल्या असत्या, तर निदान तो कागद पुढे करता आला असता. ज्याच्या पाठीशी ओळख नाही, वशिला नाही, त्याला आकड्याचा केवढा आधार असतो हे मला तेव्हा कळले.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्या मंडळांतून एक वही ठेवा. तिच्यात कोणते रकाने असावेत हे वस्तादांनी सांगावे: साखळी कोणी धरली, वाट कोणी अडविली, वेळ कोणी राखली. रकाने भरण्याचे काम एखाद्या चुणचुणीत मुलाकडे द्या. आणि वस्तादांनीही निवडीच्या दिवशी आपला अंदाज त्याच वहीत लिहावा, व हंगाम संपल्यावर सर्वांसमक्ष ती उघडावी. नजर खरी असेल तर तिचा मान वाढेल. चुकली असेल तर पुढल्या वर्षी ती अधिक तीक्ष्ण होईल.

कापसाची पारख चुकली तर गाठीला भाव कमी येतो. पोराची पारख चुकली तर त्याची खेळण्याची वर्षे परत येत नाहीत. एवढेच ध्यानात असू द्या.