पाणी भरून घेण्याची जागा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. भाषणाची सवय नाही. पण “गोव्याची हकीकत सांगाच” असा आपण आग्रह केलात, म्हणून उभी आहे.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली, म्हणून धाकट्या भावोजींनी आम्हा दोघांना सिकेरीच्या समुद्रकाठी एका बड्या हॉटेलात तीन दिवस पाठविले. दिवस श्रावणाचे. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात उतरण्यास मनाई, म्हणून सारी मंडळी काठावरच्या तरणतलावावर.

पहिल्या दिवशी मला खुर्चीत बसवेना. सासूबाईंनी औषध घेतले असेल का, दूध नासले तर नसेल, हेच मनात. हात रिकामे राहिनात, म्हणून लोकांनी टाकलेले टॉवेल घड्या घालून ठेवू लागले. तिथे काम करणारी मुलगी हसून म्हणाली, “मावशी, राहू द्या, ते माझे काम.” मी विचारले, “तू कधी बसतेस गं?” म्हणाली, “सुट्टीला घरची कामे असतात ना!”

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरले. साडी चालत नाही. सुताचे धागे पाणी गाळण्याच्या यंत्रात अडकतात. अंगभर नायलॉनचा पोशाख मिळतो. आधी अंग धुवावे लागते, कारण अंगावरच्या तेला-घामाने पाण्यातले क्लोरीन खर्ची पडते. उथळ बाजूला कठडा धरून तासभर उभी होते. हे काठावर चहा घेत होते. त्या तासात मला कोणी हाक मारली नाही आणि मलाही कोणाची काळजी आठवली नाही.

तिसऱ्या दिवशी जवळचा आग्वाद किल्ला पाहिला. पोर्तुगीजांनी तो १६१२ साली पुरा केला. गोड्या पाण्याचा झरा असल्याने लांबच्या सफरीची गलबते तेथे पाणी भरून घेत. नावाचा अर्थही तोच. किल्ल्यातल्या टाक्यात २३,७६,००० गॅलन पाणी मावे, असे सांगतात.

भगिनींनो, पाण्यासाठी थांबलेल्या गलबताला आळशी कोणी म्हटले नाही. मग दुपारी घटकाभर स्वस्थ बसलेल्या बाईलाच का म्हणावे? बड्या हॉटेलात जाणे सर्वांना जमणार नाही. पण आठवड्यातून एक दुपार, दोन तास, मंडळाच्या या ओसरीवर नुसते बसायला काय हरकत आहे? पापड नाहीत, विणकाम नाही, निवडायला तांदूळ नाहीत. आणि आपल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बायांनाही त्या दुपारी सुट्टी देऊन सोबत बोलवावे, एवढी माझी सूचना आहे.

ती मान्य व्हावी, ही विनंती करून मी खाली बसते.