टाकळीचा दांत

नागपुराजवळच्या टाकळी येथें एक पुरातन दांत सांपडला. १८९० सालीं रिचर्ड लायडेकर या इंग्रज पंडितानें त्यावरून ‘मॅसोस्पाँडिलस रावेसी’ असें नांव ठेविलें. परंतु खरा मॅसोस्पाँडिलस दक्षिण आफ्रिकेंतला, कोट्यवधि वर्षें आधींचा! हा दांत सुमारें ६.७ कोटि वर्षांपूर्वींच्या मांसभक्षक डायनोसॉराचा, असें पुढील संशोधकांनीं ठरविलें. त्याची जात मात्र अद्यापि निश्चित नाहीं.

२००३ सालीं गुजराथेंतील राजासॉरसाचें नामकरण झालें, तें कवटी, मणके व पायांचीं हाडें पाहून. टाकळीच्या शिकाऱ्याची साक्ष द्यावयास एकटा दांत! दांतावरून आहार कळतो. कूळ ठरावयास हाडें लागतात. चुकीचें नांव पुसून जागा रिकामी ठेवणें, हेंहि शास्त्राचें कर्तव्यच होय.