पोलिसाची पेन्शन



आज आपण पेन्शनची गोष्ट करू. आपल्या महागाव तालुक्यातील कितीतरी घरांतली मुले पोलिसात गेली. ऊन नाही, पाऊस नाही, सण नाही. पोळ्याला लोक बैल सजवतात, तेव्हा पोलीस बंदोबस्ताला उभा असतो. अशी तीस-पस्तीस वर्षे जातात. अठ्ठावन्न वर्षे पुरी झाली की शिपाई घरी येतो. मग त्याने खावे काय? त्यासाठी पेन्शन आहे. तिला कागदावर 'निवृत्तिवेतन' म्हणतात.

कोणी म्हणतो, "सरकारची मेहेरबानी आहे बाप्पा!" आम्ही म्हणतो, तसे नाही. 17 डिसेंबर 1982 रोजी सुप्रीम कोर्टाने नकारा नावाच्या निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्यात निकाल दिला. तेव्हा सरन्यायाधीश आपले यशवंतराव चंद्रचूड होते. पेन्शन ही बक्षिशी नाही, केलेल्या चाकरीचा तो हक्क आहे, असे कोर्टाने सांगितले. सालदाराने सालभर राबावे आणि ठरलेले धान्य मागावे, त्याला कोणी भीक म्हणेल काय?

पेन्शन किती मिळते, ते पाहू. महाराष्ट्रात 1982 चे पेन्शनचे नियम आहेत. पेन्शनसाठी निदान दहा वर्षांची नोकरी लागते. लांब नोकरी झालेल्याला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन बसते. समजा, मूळ पगार 40,000 रुपये होता. तर पेन्शन 20,000 रुपये. त्यावर महागाई भत्ता वेगळा. शिवाय एकदाच मिळणारी रक्कम असते. तिला उपदान म्हणतात.

काही जण 'पेन्शन विकतात'. म्हणजे पेन्शनीचा काही भाग सोडून देतात आणि त्याबद्दल एकरकमी पैसा घेतात. चाळीस टक्क्यांपर्यंत भाग विकता येतो. तो भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. तोवर दरमहा हातात कमी येते. म्हणून घरच्यांशी बोलून ठरवा. लग्नाच्या थाटासाठी म्हातारपणाची भाकरी विकू नका.

आता भगिनींनो, नीट ऐका. नवरा वारला तरी पेन्शनीचे दार बंद होत नाही. बायकोला कुटुंब-निवृत्तिवेतन मिळते. ते मूळ पगाराच्या तीस टक्के असते. आपल्या हिशेबात 12,000 रुपये, आणि भत्ता वेगळा. सुरुवातीची काही वर्षे नियमाप्रमाणे जास्तही मिळते. पण कागदावर नाव बरोबर पाहिजे. घरी 'शांताबाई', आधार कार्डावर 'शांता', सेवापुस्तकात माहेरचे नाव, असे झाले की विधवेला हेलपाटे पडतात. दुःखाच्या दिवसांत कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून धनी नोकरीत असतानाच विचारा, "सेवापुस्तकात माझं नाव कसं लिहिलं हाय? पोरांच्या जन्मतारखा बरोबर हाईत का?" असे विचारण्यात लाज नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. 1 नोव्हेंबर 2005 पासून जे नोकरीला लागले, त्यांची रीत निराळी ठरली. त्यांच्या पगारातून दरमहा दहा टक्के कापून खात्यात जमतात. सरकारही आपली भर घालते. पुढे सरकारने या रीतीत बदल केले. तेव्हा अशा शिपायाने नवे आदेश पाहूनच पर्याय भरावा.

कागद कसे फिरतात? निवृत्तीच्या आधीच कचेरी सेवापुस्तक तपासते. आपल्या विदर्भाचे कागद नागपूरच्या महालेखापालांकडे जातात. तिथून पेन्शनचा हुकूम निघतो. त्या हुकुमावर क्रमांक असतो. तो वहीत उतरून ठेवा. मूळ कागद पेटीत ठेवा, नक्कल वेगळी ठेवा. मग दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. तो चुकला की पेन्शन अडते.

या कामात मध्यस्थ भेटतात. "कागद द्या, मी करतो," म्हणतात. त्यांच्या हाती मूळ हुकूम देऊ नका. फोनवर कोणी बँकेचा गुप्त आकडा विचारला, तर सांगू नका.

आपल्यातले कित्येक जण कालपर्यंत अंगठा उठवत होते. आज आपण अक्षर ओळखतो. मग आज रात्री घरी जाऊन एक काम करा. घरात, भावकीत कोणी पोलीस असेल तर त्याचा कागद मागा. कंदील नको, आता वीज आहे. दिव्याखाली बसा. बोट ठेवून नाव वाचा, तारीख वाचा. चूक दिसली तर उद्याच अर्ज लिहा. तो अर्ज तुम्ही स्वतः लिहाल, तेव्हा आमचे हे वर्ग सार्थकी लागले असे आम्ही समजू.