हात लागलेला संगणक



दुरुस्तीनंतर घरचा संगणक सुरू झाला नाही, की दोन निष्कर्ष चहा उकळायच्या आत निघतात. एक, मदरबोर्ड गेला. दोन, दुकानदाराने चांगला पार्ट काढून घेतला. माझं म्हणणं असं, की दोन्ही जरा बाजूला ठेवा. आपणहून बंद पडलेल्या यंत्रात दोष कुठेही असू शकतो. हात लागल्यावर बंद पडलेल्या यंत्राचं तसं नाही. तिथे संशय आधी त्या हातावर. काल रॅम बदलली असेल तर पहिली तपासणी रॅमची, धूळ झाडायला केबल काढल्या असतील तर केबलची.

मात्र आधी प्लग भिंतीतून काढा. नुसतं ‘शटडाउन’ पुरत नाही, कारण संगणक बंद असतानाही बोर्डावर पाच व्होल्टचा पुरवठा चालू असतो. प्लग काढल्यावर सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावरची उरलीसुरली वीज निघून जाते. आणि एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, डबा कधीही उघडू नका. त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात.

बटण दाबल्यावर पंखा हललाच नाही, तर एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच बघा. साफसफाईत तो बंद होतो आणि तसाच राहतो. तो चालू असेल, तर कॅबिनेटच्या बटणाची दोन पिनांची बारीक वायर चुकीच्या जागी बसली आहे का ते बघा. पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, तर कुठेतरी शॉर्ट असू शकतो. बोर्डाखाली घरंगळलेला एखादा स्क्रूही त्याला पुरतो.

सर्वांत जास्त छळणारा प्रकार मात्र वेगळाच: पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळाच. इथे माझा पहिला संशय प्रोसेसरच्या वीजपुरवठ्यावर. चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर सगळ्यांना दिसतो. प्रोसेसरचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि तो लावायचा राहून जातो. त्यानंतर रॅम. ती काढा, सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका आणि खाच जुळवून ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कारागीर हेच करतो. नव्या डीडीआर-५ रॅमची गंमत अशी, की पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड तिच्याशी जुळवून घेतो. त्यात काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो, आणि आपण घाईने बटण दाबून ते काम मध्येच तोडतो. मॉनिटरची केबलही बघा. ग्राफिक्स कार्ड असताना ती बोर्डाच्या पोर्टला लावली असेल, तर चित्र येईलच असं नाही.

१९८१च्या आयबीएम पीसीपासून संगणक सुरू होताच स्वतःची तपासणी करतो आणि बीप वाजवून निकाल सांगतो. आजच्या अनेक बोर्डांवर त्याऐवजी बारीक दिवे असतात. कोणत्या नावापुढचा दिवा अडून राहिला ते वाचा. तरीही उलगडा झाला नाही, तर बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस एवढंच ठेवा. प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसेल तर कार्डही राहू द्या. मग बाकीचे भाग एकेक करून जोडा. काम कंटाळवाणं आहे, पण अंदाजाने नवा बोर्ड घेण्यापेक्षा स्वस्त.

कधी पडदा उजळतो, पण विंडोज येत नाही. बोर्डावरचा सीआर-२०३२ हा बटणासारखा सेल बदलला, की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात: डिस्कचा मोड बदलतो, बूटचा क्रमही. डिस्क ठणठणीत असते, आणि नेमके इथेच लोक फॉरमॅट मारायला निघतात. कृपा करून थांबा. बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसत असेल, तर आधी डिस्कचा मोड एएचसीआय की रेड, बूटचा प्रकार यूईएफआय की लेगसी, हे पूर्वीसारखं करून बघा.

बोर्डच बदलणार असाल, तर संगणक दुकानात नेण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का ते तपासा. चालू असेल, तर नव्या बोर्डावर निळा पडदा अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागेल. ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते; जुना बोर्ड चालू असतानाच ती शोधून कागदावर उतरवून ठेवा.