मॉनिटर घेताना अनुस्वार बघा
बेताच्या पैशांत कॉम्प्युटरचा मॉनिटर घ्यायचा, तर मोठ्या आकाराच्या मोहात पडू नका. पडद्यावरचे १९२० बाय १०८० ठिपके (पिक्सेल) २४ इंचांत दाटीनं बसतात. तेच २७ इंचांवर पसरले की अक्षर भरड दिसतं. दुकानात रंगीत व्हिडिओ दाखवतील. तुम्ही मात्र मराठी मजकूर उघडायला सांगा आणि अनुस्वार, रफार स्वच्छ दिसतात का, ते बघा. पॅनल आयपीएस असेल तर उत्तम, बाजूनं पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत.

जुना घेत असाल तर पडदा आधी पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा करा. बिघडलेला ठिपका लगेच सापडतो.

घरी खिडकी पडद्याच्या बाजूला असू द्या, समोर किंवा मागे नको. डोळ्यांपासून पडद्याचं अंतर हातभर. वरची कड डोळ्यांच्या रेषेत. स्टँड बुटका असेल तर खाली दोन जाड पुस्तकं ठेवा. चष्मा दुहेरी भिंगाचा असेल, तर पडदा आणखी थोडा खाली घ्या.